बुलूचा डोह : थर चढवून झाले, आता रंगकाम

आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या, बुलू गावाजवळच्या डोहाच्या मॉडेलचे सगळे थर चिकटवून झाले. प्रमाण १:२०००, आडवं आणि उभं दोन्ही तेच ठेवलंय. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड म्हणजे १० मीटर पाणी. अशा २२ थरांत, टेबलावर ११ सेंटिमीटरमध्ये, जगातली सर्वांत खोल नदी बसली. मोजमापांत तिची खोली २२० मीटरच्या वर गेलेली आहे.

नदीचं मॉडेल करताना आपण सहसा उभं प्रमाण पाच-दहा पटींनी ताणतो, नाहीतर तळ ताटासारखा सपाट दिसतो. या नदीला तसलं काही करावंच लागत नाही. घळीच्या काठाशी समखोल रेषा इतक्या चिकटून येतात, की एका थराची कडा दुसऱ्यावर जेमतेम पाव बोट मागे बसते. तिथे कटर सरळ न धरता तिरका धरला, तर पायऱ्या कमी दिसतात आणि नंतर पुटी भरायलाही कमी लागते. सनबोर्डचा मधला फोम दाबला जाऊ नये म्हणून पातं मात्र सारखं मोडून नवं घ्यावं लागतं. एकाच दाबात आरपार कापायला जाऊ नका. आधी वरचा कागद, मग फोम, मग खालचा कागद.

आता हा डोह इथेच का, हे सांगतो, कारण मॉडेलमध्ये मला तेच दाखवायचंय. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या समोरासमोरच्या राजधान्यांपाशी नदी तळ्यासारखी पसरते. त्याला मालेबो पूल (इंग्रजीतला 'पूल', म्हणजे तळं) म्हणतात. तिथून मातादी बंदरापर्यंतच्या सुमारे ३५० किलोमीटरांत ती जवळजवळ २७० मीटर खाली उतरते. सरासरी प्रवाह सेकंदाला ४१,००० घनमीटरच्या आसपास. एवढं पाणी, हा उतार आणि दोन्ही बाजूंना टणक खडक. पसरायला जागा नाही, म्हणून नदीने खाली कोरत नेलं. बुलू गावाजवळचा टप्पा म्हणजे या सगळ्याचा कळस.

ॲमेझॉन शेजारी ठेवली की हे फार छान कळतं. तिच्यात काँगोच्या चार-पाच पट पाणी. ब्राझीलमधल्या ओबिडोसला ती दोन किलोमीटरपेक्षा कमी रुंदीत आवळली जाते, तरी खोली ६० मीटरच्या आसपासच. उतार नगण्य, तळ गाळाचा. माझ्या प्रमाणात ओबिडोसची पट्टी सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ३ सेंटिमीटर खोल होणार आहे. पाणी किती यापेक्षा ते कुठे आवळलं जातं आणि कशावरून वाहतं, यावर डोह ठरतो. नुसत्या खोलीच्या आकड्यांची यादी मला म्हणूनच अपुरी वाटते.

तरी तुलनेसाठी खोल नद्यांची यादी केलीच, आणि ती करताना दोन गोष्टी मी मुद्दाम वगळल्या. एक म्हणजे धरणाचं पाणी. यांगत्सेवर थ्री गॉर्जेस, डॅन्यूबवर आयर्न गेट्स, तिथली आजची खोली भिंतीने दिलेली आहे, नदीने कमावलेली नाही. दुसरी म्हणजे खुद्द काँगोच्या मुखातली समुद्री घळ. ती खाडीतच सुरू होते आणि पुढे समुद्राच्या तळाशी शेकडो किलोमीटर जाते. मुखाजवळच तिची खोली बुलूला मागे टाकते. पण तिथे वरून गोडं पाणी वाहतं आणि खाली समुद्राचं खारं पाणी असतं. त्याला नदीची खोली म्हणणं मला पटत नाही. घळ म्हणून मात्र ती अफाट आहे. जानेवारी २०२० मध्ये तिच्यातून गाळाचा लोंढा ११०० किलोमीटरहून जास्त धावला आणि जाताना समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबल तोडून गेला. तिच्यावर स्वतंत्र मॉडेल व्हायला हवं.

रंगकाम अडलंय ते मोजमापाच्या प्रश्नावर. बुलूच्या टप्प्यात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जलतज्ज्ञांनी २००८ मध्ये ध्वनिलहरींच्या डॉप्लर यंत्राने मोजणी केली. अशा प्रवाहात दोरीला शिसं बांधून सोडलं तर दोरी वाहत जाते आणि खोली जास्तच भरते. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, त्यामुळे २२० मीटरवरचा प्रतिध्वनी ०.३ सेकंदांत परत. पण बोटीवरून सोडलेल्या या यंत्राच्या शलाका, म्हणजे ध्वनीचे झोत, सरळ खाली जात नाहीत. साधारण २० अंश तिरप्या चार दिशांना सुटतात. २०० मीटर खोलीवर प्रत्येक शलाका मध्यापासून ७० मीटरहून लांब टेकते. म्हणजे बोटीखालचा एक 'बिंदू' तळाशी जवळजवळ दीडशे मीटरचा पट्टा असतो, माझ्या मॉडेलवर ७ सेंटिमीटर! अरुंद घळीत तर शलाका तळाऐवजी भिंतीलाच लागू शकते.

म्हणून बोटीची वाट दाखवायला लाल दोरा ताणण्याचा बेत सोडला. त्याऐवजी वाटेच्या दोन्ही बाजूंना रंगाचा पट्टा देतोय. उथळात तो बोटाएवढा आणि खोलात रुंद होत जाणारा. दोन वाटांच्या मधला तळ अंदाजाने जोडलेला आहे, तो पांढराच राहील. बघणाऱ्याला मोजलेलं कुठलं आणि जोडलेलं कुठलं, हे न विचारता दिसलं पाहिजे. मासिकांतल्या चकचकीत नकाशांत हा फरक पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाणी रेझिनचं करावं का, यावर बराच विचार केला. एवढ्या जाडीत रेझिन एकदम ओतलं तर तापून पिवळं पडतं, तडकतं. थोडंथोडं ओतणं शक्य आहे, पण सगळा तळ झाकला जाईल. डोह उघडाच ठेवतोय.

एक मासा मात्र मांडणार आहे, वेगळ्या ठोकळ्यावर, कारण या प्रमाणात तो दिसायचा नाही. लॅम्प्रोलोगस लेथॉप्स. फिकट, रंगहीन, डोळे कातडीखाली झाकलेले. १९७६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मेलनी स्टियास्नी यांच्या हाती बुलूला असाच एक मरणासन्न मासा लागला, तेव्हा त्याच्या कातडीखाली आणि कल्ल्यांवर हवेचे बुडबुडे होते. खोलातून पटकन वर आलेल्या पाणबुड्याला होतो तसाच हा त्रास. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे २०० मीटरवर एकूण २१ पट. इतक्या खोलीवरचा मासा उसळत्या प्रवाहाबरोबर वर फेकला जात असावा, असा त्यांचा तर्क. खोली किती, हे शोधायला यंत्रं पाण्यात उतरली त्यामागे या माशाचं कोडंही होतं. खालच्या काँगोत माशांच्या ३०० हून अधिक जाती आहेत, आणि प्रवाह इतका जबर की समोरासमोरच्या काठांवरचे मासे एकमेकांत मिसळत नाहीत.

पुढच्या टप्प्यात ओबिडोसची पट्टी कापायची आणि जोडीला अमेरिकेतल्या न्यूयॉर्कच्या हडसन नदीची. वेस्ट पॉइंटजवळच्या वर्ल्ड्स एंड या वळणावर हडसनही ६० मीटरच्या आसपास खोल आहे. ॲमेझॉनच्या तुलनेत तिच्यात पाणी किरकोळ, पण तिची दरी हिमनदीने खोदून ठेवलेली. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक लावेन. ओबिडोससाठी ९० सेंटिमीटरचा अखंड सनबोर्ड लागेल. जोड देऊन चालत नाही, वॉर्निश लावल्यावर तो उमटतो. हडसनचा खडक करड्या रंगात आणि ॲमेझॉनचा गाळ पिवळसर तपकिरी ठेवायचं ठरलंय. काँगोचा खडक कुठल्या छटेत करावा, त्याचे नमुने सध्या फळीवर वाळताहेत.