जोर्दाओंला जाताना कान उघडे ठेवा

ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या जोर्दाओं गावाला बाहेरून रस्ताच येत नाही. रियो ब्रांकोहून छोटं विमान, नाहीतर ताराउआकापर्यंत गाडी आणि पुढे नदी. वरच्या वस्त्यांकडे लांब दांड्याच्या इंजिनाची अरुंद होडी जाते. तिथे तिला राबेता म्हणतात. जून ते सप्टेंबर पाणी उतरलेलं असतं. होडीचा तळ वाळूत रुततो, पंखा बुडालेल्या ओंडक्यावर आपटून तुटतो. सुटा पंखा सोबत हवाच, आणि उतरून होडी ढकलायची तयारीही. वस्तीचं बोलावणं आणि फुनाईची, म्हणजे आदिवासींचं काम पाहणाऱ्या ब्राझीलच्या सरकारी संस्थेची, परवानगी निघण्याआधीच हातात असू द्या.

या वस्त्यांतल्या आदिवासींचं 'काशीनावा' हे नाव शेजाऱ्यांनी चिकटवलेलं. काशी म्हणजे वटवाघूळ, नावा म्हणजे लोक. (आपली काशी डोक्यातून काढा.) ते स्वतःला हुनी क्वीन म्हणवतात, म्हणजे खरी माणसं; भाषा हांचा क्वीन, खरी बोली. पानो कुळातल्या या भाषेचे लोक पेरूतही आहेत.

स्वर चारच: अ, इ, उ आणि चौथा आपल्याकडे नसलेला. तो रोमन e या अक्षराने लिहितात, म्हणून वाचणारा हमखास 'ए' म्हणून मोकळा होतो आणि फसतो. बायका सुती कापडात विणतात त्या नक्षीला 'केने' लिहितात खरं, पण तोंडात ए येतच नाही. 'उ' म्हणायला जा, जीभ तशीच ठेवा आणि ओठ मात्र 'ई'सारखे फाकवा. जवळपास तोच स्वर निघतो.

खरी गंमत नाकात आहे. कर्म असलेल्या क्रियापदाच्या कर्त्याला शेवटी अनुनासिक लागतो: हुनी म्हणजे माणूस, पण त्याने काही मारलं तर हुनीं. आपल्या 'ने'चंच काम, फक्त भूतकाळाची अट नाही. 'मी'ला जसा आपल्याकडे 'ने' लागत नाही, तशी तिथेही सर्वनामांची चाल वेगळी. हा अनुनासिक गिळलात, तर कुणी कुणाला मारलं याचा घोळ होतो. कोकणातलं नाकातलं बोलणं ऐकलेल्या कानाला हे लवकर सापडेल, असं मला वाटतं.

वस्तीत पुरुष पाहुण्याला 'चाय' अशी हाक येईल. चहा मागू नका! हा मेहुणा, म्हणजेच आतेभाऊ किंवा मामेभाऊ. आते-मामे भावंडांत लग्न होतं, म्हणून दोन्ही नाती एकाच शब्दात. मामाची मुलगी करणाऱ्यांना हे समजवावं लागणार नाही.

अंगावर जेनिपापो या फळाच्या रसाची नक्षी काढून घेणार असाल, तर परतीची तारीख बघा. रस लावताना फिकट दिसतो, काही तासांनी निळाकाळा होतो आणि आठ-दहा दिवस साबणाला दाद देत नाही.