641 ने भाग जातो

इंदूरच्या आपल्या शाळेचा विषय निघाला की मला आठवीचा वर्ग दिसतो, आणि फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलेली संख्या: 1,84,46,74,40,73,70,95,51,615. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, मग दर घरात दुप्पट, तर 64 घरांत मिळून होणारे दाणे. ती वाचताना आमची जीभ अडखळली, तेव्हा सरांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातला परार्ध सांगितला. एकावर सतरा शून्ये म्हणजे परार्ध. असे 184 परार्ध आणि वर आणखी.

बाबांचे छावणीच्या मंडीत अडतीचे दुकान. त्या रात्री आम्ही दोघांनी ताटात हजार दाणे मोजले आणि काट्यावर घातले. 40 ग्रॅम भरले. त्या हिशेबाने पटावरचा गहू 73 हजार कोटी टनांच्या वर जातो. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे 80 कोटी टन पिकतो.

सरांना मात्र संख्येच्या आकाराचे कौतुक नव्हते. "अवयव पाडा," म्हणाले. शेवटी 5, तेव्हा 5 ने जाणार. अंकांची बेरीज 87, तेव्हा 3 ने जाणार, 9 ने नाही. पुढे आम्ही अडलो. मग त्यांनी लिहिले: ही संख्या म्हणजे 2 चा 64 वा घात वजा 1. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र, जे आम्ही नुसते घोकत होतो, ते त्यांनी पुन्हा पुन्हा लावले आणि कंसामागून कंस सुटत गेला: 3, 5, 17, 257, 65537 आणि 4294967297.

या शेवटच्या संख्येला फ्रेंच गणिती फर्मा मूळ संख्या समजत होता. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला 641 ने भाग जातो हे दाखवले. सरांनी तोच भागाकार घरी करायला दिला. माझा पहिल्यांदा हातचा चुकला नि बाकी उरली. दुसऱ्यांदा शून्य. भागाकार 6700417, तोही मूळ. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या: 641 म्हणजे 5 गुणिले 128 अधिक 1, 641 म्हणजे 625 अधिक 16. या दोन्ही जुळवल्या की भागाकार न करताच बाकी शून्य येते. इतके स्वच्छ काही मी तोवर पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर नंतरही फार थोडे पाहिले.

एकूण सात मूळ अवयव, सगळे वेगळे. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक 128.

घरी आल्यावर बाबांना सांगितले, की त्या सगळ्या गव्हाच्या 641 दाण्यांच्या पुड्या बांधल्या तर शेवटी एकही दाणा उरणार नाही. ते वहीतला आकडा कितीतरी वेळ पाहत राहिले.

"आणि 642 च्या बांधल्या तर?" त्यांनीच विचारले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "उरणार. दाणे विषम आहेत."