संवाद कुठे, निवेदन किती

आपल्या शाळेत मराठीच्या पेपरात दोन प्रश्न जवळजवळ यायचे. एक, ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’. दुसरा, ‘दोन मित्रांमधील संवाद लिहा’. गोष्टीत कोणी बोलायचं नाही आणि संवादात कोणी जागचं हलायचं नाही, असा अलिखित नियम होता. तपासणाऱ्याला ते सोयीचंच. पण पुढे कथा लिहायला घेतलेला आपला माजी विद्यार्थी एक तर पानभर सांगतच सुटतो, नाहीतर पात्रांना पानभर नुसतं बोलायला लावतो. त्या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच कागदावर कशी लिहायची, हे कोणी शिकवलेलंच नसतं.

शाळेच्या या महोत्सवी स्मरणिकेत बाक, घंटा आणि मधल्या सुट्टीबद्दल इतर मंडळी लिहितीलच. शाळेच्या हस्तलिखितात कथा देणाऱ्या मुलांना हाताशी धरता येईल, असं काही मी लिहितो.

‘संवाद चाळीस टक्के, निवेदन साठ टक्के’ असली प्रमाणं विसरून जा. संवाद आणि निवेदन (म्हणजे लेखक स्वतःच्या शब्दांत सांगतो तो भाग) यांतला खरा फरक वेळेचा आहे. निवेदन एका वाक्यात पाच वर्षं उरकतं. संवादात मात्र पात्राला बोलायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वाचकाला वाचायला लागतो. मोठ्याने वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांच्या गप्पा जशाच्या तशा उतरवल्या तर पाच-सहाशे शब्द संपले. कथा अडीच हजार शब्दांची असेल, तर एका चहाने तिचा जवळजवळ पाव हिस्सा पिऊन टाकला. एवढी जागा कशाला द्यायची? तर जिथे दोन माणसांमधलं काहीतरी बदलतं त्या क्षणाला. कोणाचं मत फिरतं, कोणाचं खोटं उघडं पडतं, कोणी न मागितलेलं उत्तर देऊन बसतं, तिथे पात्रांना बोलू द्या. बाकी ये-जा, ‘कसा आहेस’, ‘बरा आहे’, पाणी आणलं, पंखा लावला, हे सगळं निवेदनाने एका ओळीत गुंडाळावं किंवा गाळून टाकावं.

उदाहरणच घेऊ. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. एकट्या राहणाऱ्या काकू संमतीपत्रावर सही करत नाहीत. पुतण्या समीर समजूत काढायला आला आहे. नवा लेखक हे असं लिहितो:

“काकू, तुम्हाला माहीतच आहे की आपली इमारत पन्नास वर्षांची झाली आणि स्लॅब गळतोय.”

“हो रे समीर, आणि तुझे काका गेल्यापासून मी इथे एकटीच राहते, हे तुलाही माहीत आहे.”

दोघांनाही माहीत असलेली गोष्ट दोघं एकमेकांना सांगताहेत, ती फक्त वाचकाच्या सोयीसाठी. ‘तुला माहीतच आहे’, ‘तुला आठवतं ना’, ‘आपले बाबा जे रेल्वेत होते’ अशी सुरुवात दिसली की ओळखावं, निवेदनाचा माल चुकून संवादाच्या गाडीत चढला आहे. तो उतरवून घ्या.

दुसऱ्या टोकाचा लेखक लिहितो: ‘समीरने काकूंना परोपरीने समजावले, पण त्या ऐकेनात. अखेर त्यांनी मनातली भीती बोलून दाखवली.’ कथेत ऐकण्यासारखं काही असेल, तर ती भीतीच. नेमकी तीच ऐकू आली नाही.

आता हे पाहा:

गळत्या स्लॅबखाली काकूंनी पितळी पातेलं लावून ठेवलं होतं. तीन बिऱ्हाडं घोडबंदरला भाड्याच्या जागेत गेली होती, चौथ्याचं सामान जिन्यात बांधून पडलं होतं. भाडं, वाढीव जागा, ताब्याची तारीख, सगळं समीरचं पुन्हा एकदा सांगून झालं. काकू मेथी निवडत होत्या.

“नवीन घर कितव्या मजल्यावर?”

“अकराव्या. लिफ्ट दोन आहेत, काकू.”

“अकराव्यावर भाजीवाल्याची हाक ऐकू येते का रे?”

समीरने संमतीपत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवलं.

पहिल्या दोन वाक्यांत इमारतीचे सहा महिने येऊन गेले. ‘सांगून झालं’ या दोन शब्दांनी पंधरा मिनिटांचं बोलणं गिळलं, कारण त्यात नवीन काही नव्हतं. संवाद जेमतेम तीन ओळींचा आहे, पण काकूंचा नकार पैशाचा नाही हे त्यातच कळतं. त्या ‘मला एकटेपणाची भीती वाटते’ असं म्हणत नाहीत. तसं म्हणाल्या असत्या तर कथा तिथेच संपली असती. समीरचं उत्तर निवेदनाने दिलं, त्यामुळे त्याला ‘मला तुमचं म्हणणं समजलं’ असलं काही बोलावं लागलं नाही. मोक्याचा संवाद संपला की त्याच्या पाठोपाठ एकच साधी कृती ठेवावी. तिथे भावनेचं स्पष्टीकरण देणारा परिच्छेद आला की वरच्या तिन्ही ओळी फुकट जातात.

गडकरी रंगायतनात नाटकं पाहत वाढलेल्या ठाणेकरांची एक वेगळीच अडचण होते. त्यांचे संवाद खणखणीत असतात, पण कागदावर पडलेले वाटतात. नाटकात वाक्यापाठी नटाचा आवाज असतो, थांबा असतो, प्रकाश असतो. कथेत यातलं काहीच नाही, तेव्हा नटाचं काम निवेदनाने करायचं. मात्र ‘तो संतापाने गरजला’, ‘ती खिन्नपणे उद्गारली’ लिहून ते होत नाही. वाक्यातच संताप असेल तर ‘म्हणाला’ पुरतं. वाक्यात नसेल, तर वाक्य बदला. तीच गत हातवाऱ्यांची. दर दोन ओळींनी कोणीतरी चष्मा पुसतो, चहाचा घोट घेतो, खिडकीबाहेर बघतो. मेथी निवडणं चालतं, कारण ती पुढच्या भाजीवाल्याशी जोडलेली आहे. दुसऱ्या कुठल्याही कथेत उचलून ठेवता येईल अशी कृती काढून टाकावी.

मराठीत लिहिणाऱ्याला काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत आणि आपण त्या वापरतच नाही. “कुठे होतीस?” “गाडी रबाळ्याला अडकली होती, तिथेच बसले होते.” इथे ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ कशालाच लागत नाही. विचारलं गेलं ते स्त्रीला आणि उत्तर दिलं तेही स्त्रीनेच, हे क्रियापदच सांगतं. नातं कळतं ते तू, तुम्ही, अहो, अगं यांवरून. सुनेने सासूला इतकी वर्षं ‘तुम्ही’ म्हटलं आणि एका ओळीत ‘तू’ आलं, तर त्यावर निवेदनाचा एकही शब्द खर्चू नका. पण दोन पुरुष किंवा दोन बायका बोलत असतील, तर पाच-सहा ओळींनंतर वाचकाचा हिशेब चुकतो आणि तो वर जाऊन ओळी मोजायला लागतो. त्याआधीच एखादं नाव किंवा कृती घाला. सोसायटीच्या मीटिंगसारखा सात-आठ जणांचा प्रसंग तर सगळा संवादात लिहूच नये. दोघांना बोलू द्या, बाकीच्यांचा गलका निवेदनात ठेवा.

मधला एक रस्ताही आहे आणि तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो. ‘वॉचमन म्हणाला की साहेब आत्ताच गेले, अर्ध्या तासात येतो म्हणालेत, बसा हवं तर.’ अवतरणचिन्हं नाहीत, नवी ओळ नाही, तरी वॉचमनचा सूर जसाच्या तसा राहिला. मराठीत ‘की’ नंतर बोलणाऱ्याचं वाक्य काळ न बदलता ठेवता येतं. दुय्यम पात्रांचं बोलणं असंच निवेदनात मिसळून टाकलं की अवतरणचिन्हं मुख्य पात्रांसाठी राखली जातात आणि ती दिसताच वाचक कान टवकारतो.

बोलीचा प्रश्न इकडे हमखास येतो. ऐरोली, घणसोलीतलं आगरी पात्र लिहायचं तर ‘मला’ऐवजी ‘मना’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, अशी दोन-तीन वैशिष्ट्यं निवडा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. प्रत्येक शब्द वाकवला तर बाहेरचा वाचक अडखळतो, आणि आगरी वाचकाला आपली टिंगल चालल्यासारखं वाटतं, ते जास्त वाईट. बोलीत फक्त विनोदी पात्रच बोलत असेल, तर लेखकाने स्वतःलाच जाब विचारावा. निवेदनाची भाषा वेगळी ठेवायची की नाही, हे पहिल्याच पानावर ठरवा. शुद्धलेखनाच्या नियमांनी पात्रांच्या तोंडी ‘केलं, सांगितलं’ लिहायला मोकळीक दिली आहे आणि एरवी ‘केले, सांगितले’ लिहायला सांगितलं आहे. आजचे बरेच लेखक निवेदनातही ‘केलं’च लिहितात. काहीही चालेल, पण एकाच परिच्छेदात ‘गेले’ आणि ‘केलं’ची खिचडी नको.

कथा लिहून झाली की छापील प्रत काढा. संवादाच्या ओळींशेजारी समासात निळी रेघ मारा, निवेदनाशेजारी लाल. मग पानं जमिनीवर मांडून उभ्याने बघा. सलग दीड पान एकच रंग दिसला तर तिथे थांबून विचारा, इथे काय बदललं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर तो भाग अर्ध्यावर आणा. लाल पट्टा बरेचदा सुरुवातीला सापडतो. घराण्याचा इतिहास सांगितल्याशिवाय आपल्याला कथा सुरूच करवत नाही. निळा पट्टा शेवटाकडे असतो, लेखकाला उरकायची घाई झालेली असते आणि पात्रं सगळं समजावून सांगायला लागतात.

त्यानंतर फक्त निळ्या ओळी मोठ्याने वाचा, दोन पात्रं असतील तर दोघांनी. नावं झाकल्यावर कोण बोलतंय ते कळत नसेल, तर दोघंही लेखकाच्याच तोंडाने बोलताहेत. एकाची वाक्यं तोडा, दुसऱ्याला प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर द्यायची सवय लावा. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर मिळत असेल, तर ती मुलाखत झाली.

हस्तलिखिताच्या संपादकांसाठी थोडं. बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. बोलणाऱ्याचीच कृती असेल तर ती त्याच परिच्छेदात, नाहीतर वाक्य कोणाचं आणि कृती कोणाची याचा गोंधळ होतो. एकाचं बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला अवतरणचिन्ह उघडायचं आणि बंद फक्त शेवटच्याला करायचं. मोबाइलवर टाइप करून आलेल्या कथांत हे चिन्ह उघडतं ते कधी मिटतच नाही. तेवढं मात्र सुवाच्य अक्षरात उतरवून घेण्याआधी तपासा, नाहीतर अख्खं निवेदन काकूंच्या तोंडी जातं.