तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ रीस्टार्ट का करत नाही?

"रीस्टार्ट केलं की चालतंय ना, मग तासभर काय बघत बसता?" परभणीच्या मोंढ्यात ज्या ज्या अडतीवर मी लिनक्सची मशीन सांभाळतो, तिथं प्रत्येकानं हे विचारून झालंय.

चालतं. खोटं कशाला बोलू? पण पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

सोयाबीनच्या भर आवकेतली गोष्ट. लाइट गेली, आली, मशीन उठलं. हिशोबपट्टी काढणारी सर्व्हिस, म्हणजे मागं आपोआप चालणारा प्रोग्राम, मात्र उठली नाही. जिंतूरकडचे एक काका पट्टीसाठी खोळंबलेले, त्यांना गावाकडची गाडी गाठायची होती. मालक म्हणाले, "काय बघायलात सर, बंद करून चालू करा ना!" मी मशीनला हात लावू दिला नाही. मशीन काय काय घडलं याच्या नोंदी, म्हणजे लॉग, जर्नलमध्ये ठेवतं; त्या मशीनवर जर्नलचा कायमचा फोल्डरच नव्हता. अशा वेळी लॉग मेमरीत राहतो आणि मशीन बंद झालं की पुसला जातो. आधीच्या प्रत्येक रीस्टार्टनं पुरावा असाच गेला होता.

लॉग दाखवणारी कमांड, जर्नलसीटीएल, लावली. सर्व्हिस राउटरकडून मिळणाऱ्या एका ठरावीक आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावर, बसू बघत होती. मशीन राउटरच्या आधी उठलं, आयपी मिळालाच नव्हता, म्हणून ती पडली. सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामनं, सिस्टिमडीनं, उठवली, परत पडली. 10 सेकंदांत 5 वेळा असं झालं की तो प्रयत्न सोडून देतो: "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली". दोन प्रयत्नांत मुळात अंतरच 100 मिलिसेकंदांचं. राउटर जागा होईपर्यंत पाचही संपले. तुम्ही रीस्टार्ट करता तेव्हा राउटर आधीच चालू असतो, म्हणून चालतं!

सर्व्हिस कधी, कशी उठवायची ते युनिट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथं 'आफ्टर'समोर, म्हणजे कशानंतर उठवायची त्या जागी, नुसतं नेटवर्क टार्गेट होतं. त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढाच; आयपी मिळाला असा नाही. मी 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' (सोबत काय सुरू करायचं) दोन्हींत नेटवर्क खरंच जोडलं जाईपर्यंत थांबणारं नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट टाकलं, रीस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांतलं अंतर, 10 सेकंद केलं, आणि सिस्टिमडीनं फाइल नव्यानं वाचावी म्हणून डीमन-रीलोड दिलं. त्यानंतर लाइट कितीदा गेली, सर्व्हिस आपोआप उठते.

आता जाणकार म्हणतील, मशीन नको, नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करायची, लॉग राहिला असता. बरोबर. पूर्वी मीही तेच करायचो. पण एकदा पट्ट्या निघायला लागल्या की आवक ओसरेपर्यंत मशीनजवळ कोण बसू देतं? तसं म्हटलं तर त्या काकांना यातलं काही सांगून पटलं असतं का? नसतं. त्यांची पट्टी उशिरा निघाली, आणि ते मला आजही खटकतं. तरी त्या दिवशी कारण सापडलं नसतं तर हंगामभर रोज कुणीतरी तसंच खोळंबलं असतं, हेही तितकंच खरं.

आता प्रत्येक अडतीवर जर्नलचा फोल्डर करून ठेवलाय. मशीन खुशाल बंद-चालू करा, लॉग जाणार नाही. फक्त संध्याकाळी काटा बंद झाला की तो वाचायला मला खुर्ची द्या.