रोमचं एऊर: न भरलेल्या प्रदर्शनाची वसाहत

रोमला जाणारे आपल्याकडचे बरेच पर्यटक कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं एवढं उरकून फ्लोरेन्सची गाडी धरतात. मी एक अख्खी सकाळ एऊरसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी आखलेल्या पण ते कधीच न भरलेल्या वसाहतीसाठी, ठेवली होती. कलोसियमसमोरच्या स्टेशनात बी लाइनची मेट्रो पकडायची आणि दक्षिणेला एऊर माल्यानाला उतरायचं. ही मेट्रोसुद्धा त्या प्रदर्शनाचीच देणगी. तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून लोकांना थेट तिथे आणता यावं म्हणून १९३८ मध्ये काम सुरू झालं, युद्धात थांबलं आणि गाडी धावली ती १९५५ मध्ये.

फॅसिस्टांनी १९२२ मध्ये रोमवर मोर्चा काढला आणि मुसोलिनी सत्तेवर आला. त्याला वीस वर्षं पूर्ण होतील तेव्हा, १९४२ मध्ये, रोममध्ये जागतिक प्रदर्शन भरवायचं ठरलं. आराखड्याची सूत्रं वास्तुविशारद मार्चेल्लो पियाचेंतिनीकडे होती. उभारून काढून टाकायचे मांडव इथे नव्हतेच. प्रदर्शन संपल्यावर याच इमारतींभोवती समुद्राच्या दिशेनं नवं रोम वाढावं, असा बेत होता. जून १९४० मध्ये मुसोलिनीनं इटलीला युद्धात लोटलं. प्रदर्शन भरलंच नाही, आणि इमारती अर्धवट राहिल्या.

स्टेशनापासून थोडं चाललं की ‘चौकोनी कलोसियम’ दिसतं. रोमकरांनी ‘इटालियन संस्कृतीचा प्रासाद’ या इमारतीला दिलेलं हे नाव. प्रत्येक बाजूला सहा मजले, प्रत्येक मजल्यावर नऊ कमानी, म्हणजे चारही बाजूंना मिळून २१६. वर सपाट छप्पर, अंगावर पांढरा ट्रॅव्हर्टाइन दगड, तळाशी पुतळे. सकाळच्या उन्हात कमानींच्या आत पडणाऱ्या सावल्या पाहताना मी भान हरपून उभा राहिलो. ही इमारत सुंदर आहे, हे मी मनापासून लिहितो आहे. म्हणूनच तिच्या माथ्यावर काय कोरलंय ते वाचायला हवं.

चारही बाजूंना एकच ओळ आहे: कवी, कलावंत, वीर, संत, विचारवंत, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी आणि देशांतर करणारे, अशांचे हे लोक. ऐकायला किती उदात्त! पण ती मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५ च्या भाषणातली आहे. दुसऱ्याच दिवशी इटलीच्या फौजा इथिओपियात घुसल्या आणि पुढे त्या युद्धात माणसांवर विषारी वायू सोडला गेला. आज इथे फेंदी या फॅशन कंपनीचं मुख्यालय आहे. पायऱ्यांवर मुलंमुली हौसेनं फोटो काढत होती, त्यांनी खुशाल काढावेत. पण त्या ओळीमागची तारीख प्रत्येकाला माहीत असावी, असं मला फार वाटतं.

मराठी माणसाला तर ती टोचायलाच हवी. एऊरच्या जवळून वाहणाऱ्या टायबर नदीच्याच वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे, वय अवघं २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. ज्या युद्धानं प्रदर्शन बुडवलं, त्यानंच आपल्या कोकणातल्या पोराला इथवर आणलं.

चौकोनी कलोसियमच्या समोरच्या टोकाला वास्तुविशारद आदाल्बेर्तो लिबेराचा काँग्रेस प्रासाद, म्हणजे परिषदा भरवायचं सभागृह, आहे, तो युद्धानंतर पुरा झाला. याच प्रदर्शनासाठी एक प्रचंड कमान उभी करायची होती, ती कागदावरच राहिली. मधल्या चौकातला रेडिओवाल्या मार्कोनीचा स्तंभ १९३९ मध्ये सुरू होऊन १९५९ मध्ये संपला, कारण १९६० चं ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. अभियंता नेर्वी आणि पियाचेंतिनींचं क्रीडागृह त्याच ऑलिंपिकचं. खाली तळ्याकाठी जपाननं दिलेली चेरीची झाडं आहेत, आजूबाजूला कचेऱ्या आणि राहती घरं. मला एऊरचा हा भाग सर्वांत आवडला: मिरवण्यासाठी आखलेल्या जागेत लोक नोकरीला येतात, दुपारी तळ्याकाठी डबा खातात.

रोमनं पुन्हा एकदा प्रयत्न केला, २०३० च्या प्रदर्शनासाठी, या वेळी शहराच्या दुसऱ्या भागातल्या तोर व्हेर्गाताच्या जागेवर. नोव्हेंबर २०२३ मधल्या यजमानपदाच्या मतदानात रियाधला ११९, दक्षिण कोरियातल्या बुसानला २९ आणि रोमला १७ मतं पडली. रोमकरांना वाईट वाटलं असेल. मला मात्र वाटतं, एऊरसारखी तोर व्हेर्गातालाही मेट्रो हवीच असेल तर ती प्रदर्शनाची वाट न पाहताही बांधता येईल.