तुम्ही विचारलंत म्हणून: उंच केलेली गाडी भटकते कशामुळे?

मुंबईत मारुतीची जिप्सी किंवा जिमनी बाळगणारे अनेक जण गाडी दोन इंच उंच करून घेतात आणि थोड्याच दिवसांत मला विचारतात, की फ्रीवेवर साठ-सत्तरच्या पुढे गेल्यावर गाडी डावी-उजवीकडे भटकते, तर जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर) टाकल्याने ते थांबेल का? माझे उत्तर असे, की डॅम्पर ही सर्वांत शेवटी टाकायची वस्तू आहे आणि आधीची कामे नीट झाली तर पुष्कळदा तिची गरजच उरत नाही.

भटकण्याचे पहिले कारण बहुधा कॅस्टर असते. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो, हा झुकाव म्हणजेच कॅस्टर, आणि सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असल्यामुळे हात सोडूनही ती सरळ चालते, तसे या झुकावामुळे गाडीचे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येते. जिमनीत पुढचा अॅक्सल मागच्या बाजूला चासीला जोडलेल्या दोन लांब आर्मवर टांगलेला असतो; स्प्रिंग उंच केल्या की हे आर्म खाली झुकतात, अॅक्सल त्यांच्याबरोबर फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. जिप्सीत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत आणि पुढच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारे हलते दुवे, पुढच्या टोकाला आहेत, त्यामुळे स्वस्तात उंची मिळवण्यासाठी लांब शॅकल लावले की परिणाम तोच होतो. म्हणूनच लांब शॅकलचा उपाय मला कधीच पटलेला नाही.

कॅस्टर परत आणायला जिमनीत आर्मचे ऑफसेट बुश (मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे सांध्यातले रबर) मिळतात, तर जिप्सीत पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवतात. अॅल्युमिनियमची पाचर दगडधोंड्यांत चेपते किंवा तडकते, म्हणून ती घेऊ नये. पाचर दोन-तीन अंशांपलीकडे नेण्यातही अर्थ नाही, कारण अॅक्सल मागे झुकवताना डिफरन्शियलचे (अॅक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचे) तोंड खाली जाते आणि त्याला फिरवणाऱ्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. फोर-व्हील लावल्यावर थरथर सुरू होते ती यातूनच.

दुसरा मुद्दा ड्रॅग लिंकचा आहे. गाडी उंच झाली की स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा हा दांडा अधिक तिरपा होतो आणि पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात चाक वर-खाली झाले की ड्रायव्हरने काही न करता चाकाची दिशा किंचित बदलते. जिमनीत याच्या जोडीला पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सल आडवा सरकू नये म्हणून तो चासीला जोडणारा दांडा, आहे. समजा हा रॉड ९०० मिलिमीटर लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत १०० मिलिमीटरचा फरक आहे. गाडी ५० मिलिमीटर उंच केली की हा फरक १५० होतो, टोकांमधले आडवे अंतर ८९४ वरून ८८७ वर येते आणि अख्खा अॅक्सल सात मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड लावून तो मध्यावर आणता येतो. मात्र नुसता खाली वाकवलेला पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक ढकलणारा हात) लावून ड्रॅग लिंक आडवी करायची आणि पॅनहार्ड तसाच तिरपा ठेवायचा, ही अर्धी दुरुस्ती मूळ दोषापेक्षा वाईट ठरते. हे दोन्ही दांडे समांतर आणि शक्यतो सारख्या लांबीचे राहिले, तरच खड्ड्यात चाक सरळ राहते.

नव्या थारची गोष्ट वेगळी आहे. २०२० पासूनच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे टांगलेले) असल्याने तिथे प्रश्न चाक फिरवणाऱ्या हाफ शाफ्टच्या आणि बॉल जॉइंटच्या कोनांचा येतो.

खर्च करण्यापूर्वी जुन्या गाडीची झीज तपासावी. चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक टाय रॉड एंड (दोन चाके जोडणाऱ्या दांड्याचे टोकाचे सांधे), बुश आणि बॉक्सचे बोल्ट बघावेत. जे सांधे आधी हलतात आणि पुढचा दांडा मागाहून हलवतात, ते बदलावेत. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो, आणि तरीही राहिला तर किंग पिनच्या, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळते तिच्या, बेअरिंगचा. कुर्ला-कलिनाच्या सीएसटी रोडवर चमकदार किट पुष्कळ मिळतील, पण ती या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

कायद्याचेही भान हवे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे निव्वळ देखण्या उंचीसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे होऊन, टायर बॅलन्स आणि टो-इन (पुढची चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणे) जुळवूनही डॅम्पर हवा असेल, तर आधी जुना डॅम्पर काढून मोकळ्या रस्त्यावर कमी वेगापासून वाढवत गाडी चालवून पाहावी. चाके थडथडू लागली तर हळूहळू वेग उतरवून थांबावे आणि सैल सांधा पुन्हा शोधावा. गाडी सरळ चालली, तर खुशाल नवा डॅम्पर बसवावा. खडकावर चाक आपटल्यावर हाताला बसणारा झटका तो नक्की कमी करतो.