वितळवायला आलेलं घड्याळ

बेळगावच्या शहापुरात सराफ गल्लीजवळ माझं घड्याळ रिपेरीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. हल्ली सेल बदला, पट्टे घाला एवढंच काम जास्त, खरं मधनंमधनं सराफांकडनं एक वेगळं काम येतं. सोन्याचं घड्याळ मोडीत आलं की आतलं मशीन काढून द्यायचं, कारण काट्यावर मशीन, काच, स्प्रिंग सगळ्याचंच वजन येतं आणि सोनं असतंय फक्त केसचं.

गेल्या पावसाळ्यात असाच सराफाचा पोरगा आला, मागनं खानापूरकडच्या एक मावशी. "मामा, पाच मिनिटात काढून द्या, मूस तापलीय." मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं. रुमालात खिशातलं घड्याळ. मागचं झाकण उघडलं तर 750 चा शिक्का, म्हणजे अठरा कॅरट, आणि त्याच्याखाली 31/75, म्हणजे पंचाहत्तर नगांतला एकतिसावा. डायलवर आकडा एकपण नाही, नुसते रंगाचे पट्टे आणि कोपऱ्यात कुणाचीतरी सही. चावीच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवलेला, तसाच थांबलो.

कॅम्पातले एक डॉक्टर असली, कलाकारांनी केलेली मोजक्या नगांची घड्याळं जमवतात. दुकानात आले की चहा थंड होईपर्यंत तेच, अमेरिकेतला चित्रकार अँडी वॉरहॉल, त्यानं मोव्हाडो या घड्याळ कंपनीसाठी केलेलं मनगटी घड्याळ 1988 ला आलं, नग फक्त 250, आणि वॉरहॉल स्वतः 1987 लाच गेलेला. मला आपलं वाटायचं, श्रीमंतांचे चोचले.

डॉक्टरांना फोन लावला तर किंमत बाजूलाच, आधी विचारतात पॉलिश मारलंय का, डबी-कागद आहे का, कागदावर नंबर तोच आहे का, आणि मग हळूच, "कसाला लावलं नाही ना रे कुणी?" म्हणजे सोनं तपासायला कसोटीच्या दगडावर घासलं नाही ना. भिंग लावून बघितलं. लावलेलं. बिजागरीच्या शेजारी चांगली ताजी घासणी. आता सराफांकडं सोनं तपासायचं मशीन असतंय तरी हाताची सवय जात नाही बघा. डॉक्टरांनी ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही.

मावशी ऐकायलाच तयार नाहीत, "भाऊ, उद्या पोरीची फी भरायचीय, मला सही काय करायचीय?" बरोबरच होतं त्यांचं. घड्याळ मामेसासऱ्यांना गल्फमधल्या मालकानं दिलेलं, डबी घरात कुठंतरी असेल म्हणाल्या. डॉक्टर फोनवर म्हणाले फीचे पैसे आत्ता पाठवतो, घड्याळ तुझ्याकडं ठेव. मावशींना ते पटलं नाही, घड्याळ रुमालात बांधलं आणि खानापूरची बस धरली. झालं, आता कसल्या परत येतात म्हटलं मी. तिकडं सराफाचा पोरगा दोनदा येऊन गेला, मूस थंड झाली म्हणून कुरकुरत. डॉक्टर तीनपासनं माझ्या स्टुलावर.

सहाला मावशी आल्या. लाकडी डबी, आत सुया, बटणं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तळाला चार घड्या घातलेला कागद, 31/75. डॉक्टरांनी आधी घड्याळ नाही, डबीच हातात घेतली.

मोडीच्या दुपटीच्या वर ठरलं, नक्की किती ते सांगत नाही. घासणीचे मात्र डॉक्टरांनी कापून घेतलेच. मावशींनी बटणं-सुया त्याच रुमालात बांधून नेल्या.